रात्रीचं उठणं आणि संध्याकाळचं ताट

आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो घरोघर आहे. पण त्याविषयी कुणी बोलत नाही. खालापूर तालुक्यात माझ्या चुलत्यांची भातशेती आहे. काकांचं वय बहात्तर. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "अरे, यांनी दुपारनंतर पाणीच सोडलंय." कारण विचारलं, तर काका बोलेनात. शेवटी कळलं, की रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. पडवी ओलांडून मागच्या अंगणात जायचं. पावसाळ्यात शेवाळावरून एकदा पाय घसरला होता. म्हणून हा उपाय! परिणाम काय झाला? ऐन वैशाखात चक्कर, लघवीला जळजळ. आणि उठणं काही थांबलं नाही.

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजातला मास्तर. काकांना डॉक्टरांकडे नेलं, पुढे थोडं वाचलं, ते सांगतो.

रात्री मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतला एक रस मूत्रपिंडांना 'आता सावकाश' असा निरोप देतो. उतारवयात हा निरोप क्षीण होतो. मूत्राशयात पूर्वीइतकं मावत नाही, आणि पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. तेव्हा साठीनंतर रात्री एकदा उठणं वावगं नव्हे. तीन-चारदा उठावं लागलं, तर मात्र विचार करावा.

लोक दोष देतात पाण्याला. मिठाकडे कुणाचं लक्ष नसतं. पोटात गेलेलं जादा मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी लागतं. दिवसा ते काम उरकलं नाही, की रात्रपाळी सुरू! जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१७ साली एक पाहणी मांडली. ज्या २२३ जणांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. एका पाहणीवरून सिद्धान्त मांडू नये, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभरही नको, असं सांगते.

आता आपलं ताट पाहा. काकांच्या रात्रीच्या जेवणात भात, भाजलेला खारा बांगडा, लोणच्याची फोड, पापड, आणि वर चिमूटभर मीठ! बांगडा सोडा, असं मी म्हणणार नाही. तो दुपारी खावा, आधी पाण्यात भिजवून धुवून घ्यावा. रात्री नाचणीची भाकरी, बेताच्या मिठाचं वालाचं बिरडं, पालेभाजी, एखादं केळं. यानं पोटही साफ राहतं. कारण कोठा भरलेला असला, की त्याचा दाब मूत्राशयावर येतो.

पेज, कढी, ताक, कलिंगड, काकडी हे सारं पाणीच. ते दिवसा घ्यावं. चहा दुपारी चारनंतर नको. मद्य तर नकोच. काहींना फार तिखट-आंबटही बाधतं. पाणी मात्र सकाळपासून दुपारपर्यंत पोटभर प्यावं, संध्याकाळी बेतानं. दिवसभर चिखलात उभं राहून पाय सुजत असतील, तर दिवस कलताना तासभर पाय उशीवर ठेवून पडावं. पायांत साठलेलं पाणी मग झोपेपूर्वीच निघून जातं.

एक इशारा देतो. सारखी तहान लागून वारंवार लघवी होणं हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं. लघवीतून रक्त जाणं, धार अडणं, पाय सुजून दम लागणं, यांवर ताटातला उपाय चालत नाही. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळही आपल्या मनानं बदलू नये.

काकांचं उठणं चारवरून दोनवर आलं आहे. त्या दोन वेळांसाठी मागच्या दारी दिवा बसवला, शेवाळ खरवडून काढलं. आणि काका आता दुपारी तांब्याभर पाणी पितात, कुणी न सांगता.