केरो : दोन नद्यांच्या संगमावरचे ओसरते शहर

एखाद्या गावाची ओळख करून घ्यायची, तर मी आधी जनगणनेचे तक्ते उघडतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकावर केरो नावाचे शहर आहे. त्याची लोकसंख्या १८६० साली २,१८८ होती. १९२० साली ती १५,२०३ झाली. १९७० साली ६,२७७ उरली आणि २०२० साली अवघी १,७३३. म्हणजे शंभर वर्षांत जवळजवळ नवातली आठ माणसे कमी झाली. हे कशामुळे घडले?

नाव इजिप्तच्या कैरोवरून घेतलेले, पण तिथले लोक म्हणतात ‘केरो’. आजूबाजूच्या प्रदेशाला ‘लिटल इजिप्त’ म्हणतात, जवळच थीब्ज नावाचे गावही आहे. १८६० मध्ये अलेक्झांडर कौंटीचे मुख्य ठाणे थीब्जहून केरोला आले. कौंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. मुख्य ठाण्यात तिचे न्यायालय आणि दफ्तर असते.

ओहायो आणि मिसिसिपी या नद्या इथे मिळतात. संगम म्हटला की आपल्याला घाट आणि देऊळ आठवते. तिथल्या जमीन-व्यापाऱ्यांना बाजारपेठ दिसली. १८४२ साली चार्ल्स डिकन्सने ही दलदल पाहिली आणि ‘अमेरिकन नोट्स’मध्ये तिच्यावर सडकून टीका केली. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनच्या गोष्टीत गुलामीतून पळालेल्या जिमची सारी आशा केरोवर असते, कारण तिथून ओहायोने वर गेले की मुक्त राज्ये लागतात. धुक्यात ते गाव त्यांच्या हातून निसटते.

यादवी युद्धात खरोखरचे हजारो ‘जिम’ इथे पोहोचले. सप्टेंबर १८६१ मध्ये जनरल ग्रँटने केरोला तळ ठोकला आणि गुलामीतून सुटलेल्यांची मोठी छावणी इथे उभी राहिली. त्यातले बरेच जण इथेच राहिले. शहर वाढले ते या दोन्ही समाजांच्या श्रमावर.

ऱ्हासाचे नेहमीचे स्पष्टीकरण वाहतुकीचे आहे, आणि ते खोटे नाही. रेल्वेचे डबे बोटीवर चढवून ओहायोपार नेले जात, तोवर माल आणि माणसे केरोत थांबत. १८८९ मध्ये रेल्वेपूल झाला. पुढे मोटारींचे पूल झाले आणि १९७८ मध्ये महामार्गाचा नवा पूल शहराला वळसा घालून गेला. पण याच नद्यांवरची केप जिरार्डो आणि पडुका ही शेजारची शहरे टिकली. १९२० साली केप जिरार्डो केरोपेक्षा लहान होते; आज तिथे सुमारे ३९ हजार लोक राहतात. त्या शहराला विद्यापीठाचा आधार मिळाला, पडुकाला युरेनियमच्या कारखान्याचा. केरोला असा आधार का मिळाला नाही, याचे निदान अर्धे उत्तर शहराच्या आत आहे.

नोव्हेंबर १९०९ मध्ये विल्यम जेम्स या कृष्णवर्णीयाला हजारोंच्या जमावाने ठार केले. कैद्याचे रक्षण न करणाऱ्या शेरीफला राज्यपालांनी पदावरून दूर केले. तो पुन्हा नेमणूक मागू लागला, तेव्हा आयडा बी. वेल्स यांनी केरोत येऊन माहिती गोळा केली, राज्यपालांपुढे बाजू मांडली आणि ती नेमणूक रोखली. भेद मात्र मिटला नाही. १९६२ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या पोहण्याच्या तलावाबाहेर तरुणांनी निदर्शने केली. त्यांत पुढे खासदार झालेले जॉन लुईसही होते. तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी बंदच करण्यात आला, नंतर तो काँक्रीटने बुजवला गेला.

१९६७ मध्ये एका कृष्णवर्णीय तरुण सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटले, वस्तीने ते मानले नाही. त्यानंतरची काही वर्षे जाळपोळीची आणि गोळीबाराची होती. १९६९ मध्ये ‘युनायटेड फ्रंट’ने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती : आम्ही गिऱ्हाईक चालतो, तर नोकर म्हणूनही घ्या. अनेक दुकानदारांनी ते न करता दुकानाला कायमचे टाळे लावले. अशा गावात नवा कारखाना कोण आणणार? ज्यांना जमले ते गोरे निघून गेले. कृष्णवर्णीय तरुणही कामाच्या शोधात बाहेर पडले. १९८६ मध्ये रुग्णालय बंद झाले.

नदीने मात्र शहर घेतले नाही. चहूबाजूंच्या बांधांनी केरोला १९३७ च्या महापुरातही वाचवले. २ मे २०११ रोजी तर त्याच्या बचावासाठी लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिसुरीतला बर्ड्‌स पॉइंटचा बांध स्फोटाने फोडला आणि सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली.

एवढी किंमत मोजून वाचवलेल्या शहरातून सहा वर्षांत पुन्हा लोक निघाले. २०१७ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने एल्मवूड आणि मॅकब्राइड या मोडकळीला आलेल्या सार्वजनिक वसाहती दुरुस्त न करता रिकाम्या करायचे ठरवले. सुमारे ४०० रहिवाशांना घरे सोडावी लागली. २०१० ते २०२० या दशकात अलेक्झांडर कौंटीची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी घटली. टक्केवारीत एवढी घट अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही कौंटीत झाली नाही.

म्हणून केरोच्या आकड्यांकडे ‘व्यापार गेला, गाव गेले’ एवढ्यावर पाहून भागत नाही. व्यापार गेल्यावर नव्याने उभे राहायला सगळ्या गावाने एकत्र बसावे लागते. तेव्हा इथे तलाव बुजवला गेला आणि दुकाने बंद झाली. न्यायालय आणि दफ्तर आजही केरोतच आहे, आणि उरलेली सतराशे माणसे त्या बांधांच्या आत राहत आहेत. त्यांनी गाव सोडले नाही, हेही त्याच तक्त्यात लिहिलेले आहे.