मुंबई-दुबई : तीन तासांचा प्रवास, बारा तासांचा हिशेब

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला तीन तासांच्या आसपास लागतात. पण व्यापारी बांधवांनी एवढ्यावरच बेत आखू नये.

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी दहाला निघालेले विमान सव्वातीन तासांनी उतरले, तरी तिथे पावणेबाराच वाजलेले असतात. हा दीड तास येताना परत द्यावा लागतो. रात्री दहाला दुबई सोडून पावणेतीन तास धरले, तर मुंबईत सव्वादोन! परतीला वेळ थोडा कमी लागतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या वरच्या वाऱ्यांमुळे. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक.

खरा वेळ जातो जमिनीवर. मालेगावच्या कापडवाल्याला मुंबई गाठायलाच पाच-सहा तास. विमानतळावर तीन तास आधी हजेरी. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान, मग टॅक्सी. देरा बाजार जवळ आहे एवढीच सोय. बारा-तेरा तास सहज मोडतात. नमुन्यांची पेटी घेऊन जाणाऱ्याने त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाची भेट ठरवू नये, असे आम्हाला वाटते. थकलेला माणूस लवकर भाव उतरवतो.

आणखी एक. २०२२ पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुटी असते, शुक्रवारी अर्धा दिवस काम. जुन्या सवयीने रविवारी कागदपत्रे उरकायला जाणाऱ्यांचा हॉटेलखर्च फुकट जातो. अशांनी रविवारी दुपारपर्यंत पोहोचणारे विमान धरावे आणि सोमवारी सकाळी कचेरी गाठावी.