सुलेमानिये संकुल, इस्तंबूल

बांधकाम : १५५० ते १५५७. आश्रयदाता सुलतान सुलेमान पहिला, वास्तुकार मिमार सिनान.

कुल्लिये : मशिदीभोवती उभारलेले लोकोपयोगी संकुल. इथे मदरसे, रुग्णालय, हमाम, प्रवाशांसाठी सराई आणि गरिबांना जेवू घालणारा मुदपाकखाना होता. खर्च वक्फच्या (धर्मादाय मालमत्तेच्या) उत्पन्नातून चाले.

घुमट : उंची सुमारे ५३ मीटर. भार चार भव्य खांबांवर, पुढे-मागे दोन अर्धघुमट. ही रचना आया सोफियासारखी, पण आया सोफिया मुळात चर्च (इ. स. ५३७), सुलेमानिये पहिल्यापासून मशीद. बाहेरून आधार देणारे धिरे सिनानने भिंतींतच सामावून घेतले, म्हणून आतली जागा इतकी मोकळी वाटते.

मिनार : चार मिनार, दहा सज्जे. परंपरेनुसार अर्थ असा : सुलेमान हा इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा आणि उस्मानी घराण्यातला दहावा सुलतान.

काजळी : दिव्यांची काजळी हवेच्या झोताने दारावरच्या खोलीत जमे. तिची शाई बनवत.

पडझड : १६६० मध्ये आग, १७६६ मध्ये भूकंप.

कबरी : मागच्या बागेत सुलेमान (मृत्यू १५६६) आणि त्याची पत्नी हुर्रेम (१५५८). सिनानची (१५८८) साधी कबर संकुलाच्या भिंतीबाहेर.

जागतिक वारसा : १९८५ पासून, ‘इस्तंबूलचे ऐतिहासिक भाग’ या नोंदीत.