इबोलाच्या काळात बेनीकरांचं कोणी ऐकलं?

1 ऑगस्ट 2018 रोजी काँगोच्या उत्तर किवू प्रांतात इबोलाची साथ जाहीर झाली. तिथल्या बेनी शहराच्या आसपासच्या गावांवर सशस्त्र टोळ्यांचे हल्ले त्याआधीच कित्येक वर्षं सुरू होते. आता डॉक्टर आले, लसी आल्या, संस्थांच्या गाड्या धावू लागल्या. लोकांचा सवाल रोकडा होता: आमची माणसं मारली जात होती, तेव्हा तुम्ही कुठे होता?

रेडक्रॉसचे स्थानिक स्वयंसेवक घरोघरी फिरून असे सवाल, अफवा आणि तक्रारी टिपून घेत. त्यांची वर्गवारी करून त्या मदतकार्याच्या बैठकांत मांडल्या जात. या खटाटोपाचं ठळक फळ दफनाच्या वेळी दिसलं. मृतदेह बंद पिशवीतून येई. आत आपलंच माणूस आहे की दगड भरलेत, अवयव तर काढून घेतले नाहीत ना, अशा शंकांनी घरचे हवालदिल होत. त्या वारंवार कानावर आल्यावर पारदर्शक पिशव्या आणल्या गेल्या. घरच्यांना निदान चेहरा पाहून निरोप देता येऊ लागला.

पण सगळंच इतकं सोपं नव्हतं. डिसेंबर 2018 मध्ये इबोलाचं कारण पुढे करून बेनी आणि त्याच प्रांतातल्या बुटेम्बोतलं मतदान मार्चवर ढकललं गेलं. त्याआधीच, जानेवारीत, नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधीही उरकला. साथ हा राजकारणाचाच डाव आहे, हा संशय बळावला. मतदान पुढे ढकललं जाताच बेनीत निदर्शकांनी इबोला केंद्रावर राग काढला होता. फेब्रुवारीत काटवा आणि बुटेम्बोतल्या उपचारकेंद्रांवर हल्ले झाले. सुरक्षेचं गाऱ्हाणं टिपलं जात होतं, पण त्यावर इलाज मदतसंस्थांच्या हातात नव्हता.

25 जून 2020 रोजी साथ संपल्याचं जाहीर झालं. तोवर 2,287 बळी गेले होते. सर्वांत गंभीर तक्रार मात्र त्यानंतर, सप्टेंबरात, पत्रकारांमुळे उजेडात आली: मदतकार्यातल्या माणसांनी नोकरीच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी केल्याचं पन्नासहून अधिक बायकांनी सांगितलं. 2021 मध्ये स्वतंत्र चौकशी आयोगाच्या अहवालात 83 संशयितांची नोंद झाली. त्यांतले 21 जागतिक आरोग्य संघटनेच्या नोकरीत होते.

पिशवीबद्दलची शंका वरपर्यंत पोचली, ही तक्रार साथ संपेपर्यंत उजेडात आली नाही. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच माणसांपुढे ते मांडायचं असेल तर कोण तोंड उघडेल? तक्रार ऐकणारे आणि मदत वाटणारे वेगळे असलेच पाहिजेत.