ताळेबंदातला चार रुपयांचा फरक

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीला माझ्या बँकेतल्या नोकरीची काही वर्षं गेली. निवृत्तीनंतरही त्या बाजूला जाणं झालं, की जुने खातेदार भेटतात. चहा होतो, पाऊसपाणी, मक्याचा भाव, मुलांची लग्नं असे विषय निघतात. मागच्या खेपेला एका शेतकऱ्यानं वेगळाच विषय काढला. "साहेब, मुलगी केमिस्ट्रीत एम. एस्सी. झाली. मार्कही चांगले आहेत. मी म्हणतो, बँकेच्या परीक्षेला बस. ती म्हणते, एनएमआरमध्ये पीएच. डी. करायची, पुण्याला नाहीतर मुंबईला. त्यातला एन म्हणजे न्यूक्लिअर म्हणे! पोरीच्या जातीला हे धोक्याचं नाही का? आणि धोक्याचं नसलं तरी, त्यात माणसाच्या जन्माचं काय होतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. एनएमआर, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, याचा अणुबाँबशी संबंध नाही. अणूचं केंद्र यात फुटत नाही, किरणोत्सर्ग होत नाही. मोठ्या चुंबकात पदार्थ ठेवायचा, त्यावर रेडिओलहरी सोडायच्या आणि अणुकेंद्रं काय उत्तर देतात ते ऐकायचं, एवढंच. दवाखान्यातलं एमआरआय हे याच विद्येचं धाकटं भावंड. रोगी घाबरू नयेत म्हणून त्याच्या नावातला 'न्यूक्लिअर' हा शब्द गाळला गेला, असं सांगतात. धोका असलाच तर चुंबकाचा. खिशात लोखंडी वस्तू किंवा छातीत पेसमेकर असलेल्यानं त्याच्या जवळ जायचं नाही. बँकेच्या जुन्या कार्डावरची काळी पट्टीही तिथं कोरी होते.

दुसरा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो. जन्माचं काय होतं? मला आठवले ते धर्मट्टी.

डॉ. एस. एस. धर्मट्टी हे नाव आपल्याकडे किती घरांत ठाऊक असेल? सत्तर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत एक आलेख छापला जातो. तीन टेकड्या, शेजारी शेजारी. तो आलेख ज्या निबंधातून आला त्याचे लेखक तिघं : आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. साल 1951, ठिकाण अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ, आणि पदार्थ अल्कोहोल! साधं इथाइल अल्कोहोल. (आपल्याकडच्या पुष्कळ संसारांचं वाटोळं करणाऱ्या या पदार्थानं विज्ञानाचं मात्र भलं केलं, असं म्हणायला हरकत नाही.)

या तीन टेकड्यांचं एवढं काय, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. 1946 च्या सुमारास स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की चुंबकात ठेवलेली हायड्रोजनची केंद्रं ठरावीक कंपनसंख्येच्या रेडिओलहरींना साद देतात. तंबोऱ्याची एक तार छेडली, की त्याच सुरात लावलेली दुसरी तार आपोआप गुणगुणते, तसं. दोघांना 1952 चं नोबेल मिळालं. हे दोघंही भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या लेखी हायड्रोजन म्हणजे हायड्रोजन, मग तो पाण्यातला असो की मेणातला. त्याचा सूर एकच असायला हवा.

पण 1950 साली ब्लॉख यांच्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू या दोघांनी अमोनियम नायट्रेटमधल्या नत्राचा सूर मोजला, तर एकाऐवजी दोन निघाले. खताच्या पोत्यावर अमोनियाच्या रूपातला नत्र आणि नायट्रेटच्या रूपातला नत्र वेगवेगळे छापलेले असतात. शेतकऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. भौतिकशास्त्रज्ञांना मात्र ही कटकट वाटली. अणुकेंद्राचं चुंबकीय बल नेमकं मोजायला बसावं आणि मध्येच रसायनशास्त्रानं लुडबुड करावी!

इथं मला माझी नोकरी आठवते. हे फरक किती बारीक? अल्कोहोलमधल्या हायड्रोजनांच्या सुरांत दहा लाखांत चारेक भागांचा. दहा लाखांच्या ताळेबंदात चार रुपयांचा फरक आला, तर जुन्या काळी आम्ही रात्री दहापर्यंत बसून तो शोधत असू. व्यवहारी माणूस म्हणेल, चार रुपये खिशातून टाका आणि घरी जा. पण कधी कधी त्या चार रुपयांच्या मागे एखादी अख्खी नोंद दडलेली असते. आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलमधला हा फरक उलगडून दाखवला. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन सहा. तीन एका कार्बनला, दोन दुसऱ्याला आणि एक ऑक्सिजनला चिकटलेला. कंपनसंख्या तीस मेगाहर्ट्झच्या आसपास, चुंबक आजच्या मानानं दुबळा. पण कागदावर तीन टेकड्या उमटल्या आणि त्यांची क्षेत्रफळं तीनास दोनास एक अशी भरली.

कारण असं. प्रत्येक हायड्रोजनभोवती इलेक्ट्रॉनांची चादर असते आणि ती बाहेरच्या चुंबकाला थोडी आडवी येते. ऑक्सिजन हा मोठा हावरट. तो शेजाऱ्याची चादर आपल्याकडे ओढतो. म्हणून त्याच्याजवळच्या हायड्रोजनचा सूर वेगळा लागतो. सूर सांगतो हायड्रोजन कुठल्या घरात राहतो, आणि टेकडीचं क्षेत्रफळ सांगतं त्या घरात माणसं किती. पदार्थ जाळायचा नाही, तोडायचा नाही, त्यावर आम्ल ओतायचं नाही. सोनंतारण कर्ज देताना आमचा सराफ दागिना कसोटीवर घासायचा. तेवढंसं घासणंही इथं नाही.

देवगावच्या नावाला रंगारी चिकटलेला आहे, म्हणून सांगतो. निळीच्या कुंडातून कापड वर काढलं की ते हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागताच निळं होतं. हे का होतं, हे ठरवायला रसायनशास्त्रज्ञांना रेणू तोडून, जोडून, पुन्हा तोडून वर्षानुवर्षं झगडावं लागलं. एनएमआर आल्यावर अशा अनोळखी रेणूची ओळख पटवणं काही दिवसांवर, पुढं पुढं काही तासांवर आलं.

आता मुलीच्या वडिलांचा प्रश्न. इतक्या मोठ्या निबंधावर नाव आल्यावर धर्मट्टींनी काय केलं? ते परत आले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईला. आज कुलाब्याला नेव्हीनगरमध्ये समुद्राकाठी जी देखणी वास्तू दिसते, तिचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झालं ते 1962 साली. त्याआधीची बरीच वर्षं संस्थेचं बिऱ्हाड गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि कुलाब्याच्या बराकींत होतं. तिथं धर्मट्टींनी एनएमआरचा गट उभा केला. त्या काळी असं यंत्र दुकानात जाऊन आणण्याजोगं नव्हतंच. चुंबकाचं क्षेत्र इकडून तिकडे दहा लाखांत एका भागानंही हलू द्यायचं नाही, आणि बाहेर मुंबईची दमट हवा! शोध लावण्यापेक्षा हे काम वेगळं आणि माझ्या मते अधिक चिवट.

ते अमेरिकेतच राहिले असते तर? पॅकार्ड व्हेरियन कंपनीत गेले आणि तिथून पुढं एनएमआरची यंत्रं जगभर विकली गेली. पण परतणारे धर्मट्टी एकटेच नव्हते. अमोनियम नायट्रेटवाले यू फूचुन हेही 1951 मध्ये चीनला परतले आणि पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले. एकाच प्रयोगशाळेतून आशियातली दोन माणसं घरी गेली आणि आपापल्या देशात वर्ग भरवून बसली. यात त्याग वगैरे पाहायची आपल्याला सवय आहे. मला तसं वाटत नाही. ज्याला एखादी विद्या अगदी सुरुवातीपासून येते, त्याला ती चार पोरांना शिकवावीशी वाटणारच.

मुंबईत ती पोरं भेटली. गिरजेश गोविल आणि सी. एल. खेत्रपाल यांच्यासारखे तरुण याच गटात तयार झाले. काणेकर, धिंग्रा, मराठे या मंडळींनी साठच्या दशकात धातू असलेल्या रेणूंवर काम केलं. धातू स्वतःच चुंबकीय असला की सूर भलतीकडेच सरकतात, ते गणित अवघड. ऐंशीच्या दशकात गोविल यांच्या पुढाकारानं संस्थेत 500 मेगाहर्ट्झचं यंत्र आलं. देशभरातल्या संशोधकांसाठी ती राष्ट्रीय सुविधा झाली. त्या यंत्राचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन लाख पटींहून अधिक बलवान, आणि त्याचं वेटोळं उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियमात बुडवलेलं. रामकृष्ण होसूर यांनी अशा यंत्रांवर डीएनए आणि प्रथिनांची रचना उलगडण्यात हयात घालवली. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ही विद्या रुजली, आणि आज औषध बनवणाऱ्या कंपन्यांचं पानही एनएमआरशिवाय हलत नाही. आमच्या भागातल्या मुलींना हे कळायला हवं, कारण वाळूज-चिकलठाणा त्यांच्या घरापासून दूर नाही.

मात्र या वाटेवर टाळ्या उशिरा पडतात, हेही त्या वडिलांना मी फोनवर सांगितलं. रिचर्ड अर्न्स्ट या स्विस रसायनतज्ज्ञानं एकेक सूर शोधत बसण्याऐवजी सगळ्या तारा एकदम छेडून त्यातले सूर गणितानं वेगळे करण्याची युक्ती काढली. तो निबंध एका मोठ्या नियतकालिकानं दोनदा परत पाठवला. 1966 मध्ये तो दुसरीकडे छापून आला. नोबेल मिळालं 1991 मध्ये, आणि ती बातमी त्यांना विमानात असताना कळली. पॉल लॉटरबर हेही रसायनतज्ज्ञच. चुंबकीय अनुस्पंदनानं चित्र काढता येतं हे दाखवणारा त्यांचा निबंध 'नेचर'नं आधी नाकारला आणि मग 1973 मध्ये छापला. त्या चित्रात काय होतं? पाण्यानं भरलेल्या दोन बारीक नळ्या. तीस वर्षांनी, 2003 मध्ये, नोबेल. तोवर गावोगावचे रोगी त्याच युक्तीच्या यंत्रात झोपून आले होते.

वडील म्हणाले, "म्हणजे साहेब, पगार कधी सुरू होतो?" प्रश्न रास्त होता. संशोधनाची पाठ्यवृत्ती पहिल्या दिवसापासून मिळते. ती बँकेच्या पगाराएवढी नसते आणि कधी कधी हाती पडायला महिने लागतात, हे मी लपवलं नाही. पोरगी पाच-सहा वर्षं घरापासून लांब राहील, लग्नाचं विचारणारे विचारत राहतील, हेही बोलून झालं.

त्या तीन टेकड्यांचंही काम 1951 मध्ये संपलं नव्हतं. चुंबक सुधारत गेले तसं दिसू लागलं, की कार्बनवरच्या टेकड्या गुळगुळीत नाहीतच. तीन हायड्रोजनांची टेकडी तीन सुळक्यांत फुटते आणि दोन हायड्रोजनांची चारांत, कारण शेजारच्या घरातली माणसं एकमेकांच्या सुरात थोडी ढवळाढवळ करतात. शेजारी दोन असले तर सुळके तीन, शेजारी तीन असले तर चार. एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला विद्यार्थ्यांकडून हा आलेख काढून घेतात.