फिल्मला आधी वय विचारा

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या आधी लक्षात येतं. सोबत राहणाऱ्या मुला-सुनेला रोजचं थोडं थोडं बदललेलं कळत नाही. लेक वर्षाने येते आणि बघते, तर पन्नास वर्षं खापरावर मांडे टाकणारी आई पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर पसरून नुसती उभी. पुढे काय करायचं, हेच सुचत नाहीये. शिंदखेड्यात यावरचा शेरा ठरलेला आहे: साठी बुद्धी नाठी. एके दिवशी तिन्हीसांजेला आई स्वतःच्याच ओट्यावर बसून म्हणते, "माले घर जानं शे." मग मात्र धुळ्याला न्यायचं ठरतं.

परतीच्या एसटीत मांडीवर फिल्मचं मोठं पाकीट असतं आणि रिपोर्टात अशा अर्थाचं एक वाक्य: मेंदू वयोमानानुसार आक्रसलेला आहे. घरचे हुश्श करतात. पण सगळी गोम त्या 'वयोमानानुसार' मध्येच आहे.

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो. अल्झायमर पकडण्यापेक्षा दुसरंच काही नाही ना, हे बघणं हे त्याचं मोठं काम. दोन महिन्यांपूर्वी आई न्हाणीत घसरली होती, टेंगूळ आलं, विसरलो. त्या माराने कवटीखाली हळूहळू रक्त साचलं असेल तर सीटीत दिसतं, आणि ते काढलं की माणूस पुष्कळदा ताळ्यावर येतो. बी-१२ आणि थायरॉइड तपासायचे ते याच टप्प्यावर. ते कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

एमआरआयची गोष्ट वेगळी. आत चुंबक असतो, म्हणून पाटल्या, मंगळसूत्र, जोडवी सगळं काढावं लागतं आणि जोडव्यांपाशी हमखास अडतं. समजूत काढून झाली की वीस-तीस मिनिटं ठणठणाटात निश्चल पडून राहायचं. एवढं करून बघायचं काय, तर कानाच्या पातळीवर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत वळलेला एक छोटा भाग: हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी पक्क्या होतात त्या इथे. अल्झायमरमध्ये हा भाग बहुधा लवकर झिजतो आणि भोवतीची पाण्याची काळी फट रुंदावते.

ही झीज मोजायला फिलिप शेल्टन्स या डच डॉक्टरांनी १९९२ साली शून्य ते चार अशी सोपी श्रेणी दिली. ती डोळ्यांनी बघूनच लावतात. सर्रास वापरला जाणारा ठोकताळा असा: पंच्याहत्तरीच्या आत दोन गुण आले तरी शंका घ्यायची, पंच्याहत्तरीनंतर मात्र तीनपासून. म्हणजे तीच फिल्म, तीच फट. सत्तरीच्या बाईला आजाराची खूण आणि ऐंशीच्या बाईला नुसतं म्हातारपण. निरोगी म्हाताऱ्यांचाही हिप्पोकॅम्पस वर्षाला दीडेक टक्का झिजतोच. अल्झायमरमध्ये हा वेग साडेचार टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म शेजारी ठेवल्या की एकीपेक्षा जास्त बोलतात. अखाजीला येणारी लेकही हेच तर करत असते.

चुकतं ते तरुणांच्या बाबतीत. पासष्टीच्या आत आजार सुरू झाला, तर हिप्पोकॅम्पस कधीकधी चांगला शाबूत असतो आणि झीज डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात होते. छप्पन्न वर्षांचा माणूस कालचं सगळं सांगतो, पण पायरी चुकतो, वाचताना ओळ हरवतो, मोटारसायकल लावताना अंदाज फसतो. दोनदा चष्मा बदलून होतो, मोतीबिंदूही तपासून होतो. 'हिप्पोकॅम्पस ठीक' एवढ्यावर त्याला घरी धाडणं, हा माझ्या मते म्हातारीला उगाच घाबरवण्यापेक्षा मोठा अन्याय. खुद्द आलोइस अल्झायमर यांची ती प्रसिद्ध रुग्ण, ऑगस्टे डेटर, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. म्हणजे हा आजार मुळात ओळखला गेला तोच साठीच्या आत.

अशा वेळी पेट स्कॅन कामी येतो. शिरेतून सौम्य किरणोत्सारी साखर देतात. मेंदूचा जो भाग मंदावला तो साखर कमी खातो आणि चित्रात फिका पडतो, कित्येकदा आक्रसण्याच्याही आधी. दुसऱ्या प्रकारचा पेट मेंदूत साचलेला अमायलॉइड (अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन) दाखवतो. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी त्याची पहिली चित्रं छापली. तिथेही वय आडवं येतं. विसरण्याची काही तक्रार नसलेल्या पन्नाशीतल्या दहातल्या एकाच्या मेंदूत अमायलॉइड सापडतो, तर नव्वदीतल्या दहातल्या चौघांहून अधिकांच्या. नव्वदीच्या आजीत तो दिसला तरी विसरण्याचं कारण तोच, असं छातीठोक म्हणता येत नाही. छप्पन्नच्या माणसात मात्र तो बराच काही सांगून जातो.

शिंदखेड्याची अडचण अंतराची. या साखरेतला फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला; तिथून निघालेला डोस सहा-सात तासांनी इथे पोचला, तर दहावा हिस्साही धड उरायचा नाही. औषध रुग्णाकडे येऊ शकत नाही, रुग्णालाच औषधाकडे जावं लागतं. म्हणून ऐंशीच्या आजींना पेटसाठी मुंबईला ओढत नेण्याआधी डॉक्टरांना विचारावं: उत्तराने उपचारात फरक काय पडणार? छप्पन्नच्या माणसासाठी मात्र ही पायपीट सार्थकी लागू शकते.

आता वयाचंच घ्या. चिठ्ठीवर वय जातं ते आधार कार्डावरून, आणि तिथे जन्मतारीख १ जून. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, तो शाळेत तारीख लिहिणाऱ्या मास्तरांच्या कृपेने. एरवी याने कुणाचं बिघडत नाही. इथे पंच्याहत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, यावर फिल्मचा अर्थ फिरतो. मग लेक ओट्यावर बसून हिशेब मांडते: बहात्तरच्या दुष्काळात थोरला मांडीवर होता, त्याच्या आधी एक गेलं, लग्नात आई सोळा की सतराची. आईलाच विचारलं. कालच्या जेवणाचं तिला सांगता येत नव्हतं, पण दुष्काळात खडी फोडायला कुठे जायची ते तिने नाल्याच्या नावासकट सांगितलं.