मेंदूचा आरसा

कपाळावरचें कुंकू वांकडें लागलें आहे, हें आरशांत पाहिल्यावांचून कळत नाहीं. कळलें म्हणजे हात आपोआप तें सरळ करतो. मेंदूलाही असा आरसा दाखविला, तर तो आपली चाल आपणच सुधारील काय? ‘न्यूरोफीडबॅक’ नामक उपचाराचा सारा पाया या एका प्रश्नावर रचलेला आहे.

मेंदूंत अत्यंत सूक्ष्म विद्युत्तरंग अहोरात्र उठत असतात. जर्मनींतील येना येथील वैद्य हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या डोक्यावरून त्यांचा आलेख प्रथम घेतला आणि १९२९ सालीं तो प्रसिद्ध केला. उपचाराच्या वेळीं रोग्याच्या डोक्यास तारा लावून हे तरंग मोजतात. इष्ट तरंग वाढले कीं समोरच्या पडद्यावरील चित्र पुढें सरकतें, ओसरले कीं थांबतें. डोक्यांत वीज सोडली जात नाहीं. बाहेर येते तेवढीच मोजली जाते.

अमेरिकेंतील बॅरी स्टरमन यांनीं मांजरांना खाऊचें आमिष दाखवून, सेकंदास १२ ते १५ आंदोलनांचे तरंग वाढविण्यास शिकविलें. पुढें अग्निबाणांच्या इंधनाच्या विषाचा प्रयोग चालला असतां, शिकविलेल्या मांजरांस झटके उशिरां येतात असें आढळलें. त्यावरून अपस्माराच्या रोग्यावर हा उपाय करून त्याचा वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. १९७६ सालीं जोएल लुबार यांनीं चंचल मुलावरील अनुभव मांडला. आशा पल्लवित झाली.

परंतु रोगी सुधारला, एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका परीक्षेंत ७ ते १० वर्षांचीं १४४ चंचल मुलें घेतलीं होतीं. कांहींना खरी तालीम दिली. कांहींना आधींच नोंदून ठेवलेला दुसराच आलेख दाखवून लुटुपुटीची. कोणास काय मिळालें, हें आईबापांस वा शिक्षकांस ठाऊक नव्हतें. दोन्हीं गटांतील मुलें सुधारलीं. पण खऱ्या तालमीचा गट निश्चितपणें सरस ठरला नाहीं. अशा ३८ परीक्षांचा एकत्र विचार २०२४ सालीं झाला. त्यांतही, कोणास कोणता उपचार मिळाला हें ज्यांना माहीत नव्हतें अशा निरीक्षकांच्या मतें, म्हणण्यासारखा लाभ दिसला नाहीं.

मग मुलें सुधारलीं तीं कशानें? नियमानें येऊन स्थिर बसणें, वडीलधाऱ्यांचें प्रेमळ लक्ष, ‘आतां गुण येणार’ ही श्रद्धा आणि वाढतें वय, यांचा त्यांत वांटा असूं शकेल. हीही कांहीं कमी मोलाचीं औषधें नव्हेत. मात्र त्यांचें श्रेय यंत्रास देणें न्यायाचें नव्हे.

हा उपचार करावयाचाच झाल्यास, चालू औषधास पूरक म्हणून, वैद्याच्या सल्ल्यानें करावा. अपस्माराच्या रोग्याचें औषध मध्येंच आपल्या मनानें बंद करणें तर जिवावर बेतणारें आहे. आरसा कुंकू दाखवितो. घरांतील दिवा मात्र विझवूं नये.